मेणातली कॉइल

त्या दिवशी मॅग्नेट पुन्हा उतू गेला.

'उतू जाणं' हा त्या प्रयोगशाळेतला शब्द. पुस्तकात त्याला क्वेंच म्हणतात, पण गॅसवरच्या दुधाशी ज्याचा कधी संबंध आला आहे त्याला दुसरा शब्द सुचणार नाही. करंट हळूहळू चढत असतो, काचेच्या अलीकडे सगळे श्वास रोखून आकड्याकडे बघत असतात, आणि कुणी जरा नाक खाजवावं तेवढ्यात टाकीतून 'हूऽऽश' होतं. आतलं हेलियम वाफ होऊन छतावरच्या नळीतून बाहेर पडतं, पांढरा ढग उठतो, वळचणीची कबुतरं फडफडत उडतात आणि पडद्यावरचा आकडा शून्यावर येऊन बसतो.

"गेला," थंडोबा म्हणाला.

"मला डोळे आहेत," ताणूताई म्हणाली.

ही दोघांची खरी नावं नव्हेत, पण तिथे खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी निघत. थंडोबा टाकीतल्या थंडीचा प्रमुख. हेलियम जिथे पाण्यासारखं वाहतं तेवढी भयंकर थंडी सांभाळणारा माणूस, आणि स्वभावानंही तसाच. आग लागली तरी आधी चष्मा पुसेल आणि मग विचारेल, 'आग लागलीय का?', अशी त्याची ख्याती. पंचेचाळिशी ओलांडलेला, उंच, किंचित पुढे वाकलेला, एकटा. ताणूताई वाइंडिंग हॉलची प्रमुख. रिळावर तार गुंडाळून मॅग्नेटची कॉइल बनवणं हे तिचं काम, आणि "ताण बघा, ताण!" हे दिवसभर तिच्या तोंडी. वयानं त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. लग्न राहून गेलं ते गेलंच, त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. घरी वडील होते, आणि ते एकटेच चार माणसांना भारी होते.

हा मॅग्नेट लहान मुलांच्या इस्पितळासाठी होता. शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या मोठ्या बोगद्यासारख्या यंत्रात एकटं झोपायला मुलं घाबरतात, रडतात, हलतात. म्हणून संचालकबाईंच्या मनात आलं होतं की असं एक छोटं यंत्र करावं, ज्यात मूल आईला चिकटून बसेल आणि फक्त दुखरा हात किंवा पाय आत घालेल. त्या यंत्राचा सगळा जीव या कॉइलमध्ये. तिची तार त्या थंडीत बुडाली की करंट तिच्यातून कसल्याही अडथळ्याविना धावतो, तार जरासुद्धा तापत नाही. पण करंट वाढला की चुंबकाचं बळ त्याच तारेला बाहेर रेटू लागतं. प्रत्येक वेढ्याला जागा सोडून पळायचं असतं. त्या रेट्यात कुठे काही डोळ्याला दिसणार नाही इतकं जरी सरकलं, तरी घासून ऊब निर्माण होते. बोटभर उंचीवरून टाचणी टेबलावर पडावी, एवढीशीच. एरवी ती कुणाच्या खिजगणतीतही नसती. पण तिथे तेवढ्यानं तारेचा एक ठिपका तापतो, तापला की करंटला अडवतो, अडवला की आणखी तापतो, आणि मग कबुतरं उडतात.

दर चाचणीत मॅग्नेट थोडा वर चढायचा आणि उतू जायचा. हव्या असलेल्या करंटच्या जेमतेम निम्म्यावर गाडी अडली होती.

त्या दुपारी बैठकीत नेहमीचंच सुरू झालं.

"तार सरकतेय," थंडोबा शांतपणे म्हणाला. "वाइंडिंगमध्ये कुठेतरी ढिलाई आहे."

"ढिलाई!" ताणूताई उभीच राहिली. "माझ्या हॉलमध्ये? तुमच्या टाकीत कुठूनतरी ऊब शिरतेय ती बघा आधी. घरात चोर तुमच्या खिडकीतून येतोय आणि तुम्ही माझ्या दाराला नावं ठेवताय."

"खिडक्या मी तपासल्या."

"चष्मा पुसून तपासल्या का?"

संचालकबाईंनी टेबलावर हात आपटला. गोल चेहऱ्याच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि हसायला लागल्या की खुर्ची हलायची अशा त्या बाई. पण आज त्या हसल्या नाहीत.

"पुरे. उद्यापासून तुम्ही वाइंडिंग हॉलमध्ये बसा," त्या थंडोबाला म्हणाल्या, "आणि तू टाकीपाशी. एकमेकांच्या घरात शिरा आणि काय चुकतंय ते शोधा. एक उत्तर घेऊन या. दोन उत्तरं आणलीत तर दोघांनाही कबुतरांची शिट साफ करायला छतावर पाठवीन."

दुसऱ्या दिवशी थंडोबा वाइंडिंग मशीनसमोर जाऊन बसला. हॉलमधल्या बायकांनी आधी तोंडाला पदर लावल्यासारखं हसून घेतलं, मग त्या त्याला शिकवायला लागल्या. तार किती सावकाश सोडायची, वेढ्याला वेढा कसा खेटवायचा, थर बदलताना बोट कुठे ठेवायचं. तो इतका सावकाश काम करी, की त्याचा एक थर होईपर्यंत बाकीच्यांचा चहा होऊन कप विसळून पालथे पडलेले असत. पण त्याचा एकही वेढा दुसऱ्यावर चढला नाही. तिसऱ्या दिवशी हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या कामगार, ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्या ताणूताईला हळूच म्हणाल्या, "हात चांगला आहे हो माणसाचा. घाई नाही म्हणून चूक नाही."

"मावशी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"मी आपली वेढ्यांच्या बाजूनं."

तिकडे ताणूताईनं टाकीभोवतीची प्रत्येक नळी, प्रत्येक झडप, प्रत्येक नट पालथा घातला. एके सकाळी ती धावतच हॉलमध्ये आली. "सापडलं! मागच्या बाजूचा एक नट ढिला आहे!"

थंडोबा उठला, तिच्यामागून गेला, वाकून नट बघितला, मग तिच्या हातातल्या पान्याकडे बघितलं.

"हा काल घट्ट होता," तो म्हणाला. "काल संध्याकाळी इथे कोण काम करत होतं?"

ताणूताईनं पान्याकडे बघितलं. काल संध्याकाळी तिथे तीच होती. तिनं नट उघडून बघितला होता आणि तेवढ्यात फोन आला होता. ती कानापर्यंत लाल झाली आणि मग तिला हसू फुटलं. इतकं, की तिला टाकीला टेकून उभं राहावं लागलं. थंडोबाही हसला. तो हसताना त्याचे खांदे हलायचे पण आवाज यायचा नाही, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं एका छताखाली काम करून.

शेवटी दोघं एकाच दुपारी एकमेकांसमोर आले, दोघांचे चेहरे सारखेच पडलेले.

"तुमच्या वाइंडिंगमध्ये काही नाही," तो म्हणाला.

"तुमच्या टाकीतही नाही," ती म्हणाली. "आता?"

"आता ऐकू या."

काही सरकलं, काही तडकलं, तर आवाज होणारच, असं त्याचं म्हणणं. माणसाच्या कानाला तो ऐकू येणार नाही, पण कॉइलला चिकटवलेल्या छोट्या सेन्सरना येईल. कॉइलवर ठिकठिकाणी सेन्सर लावले, तर आवाज आधी कुणापाशी पोचला यावरून तो कुठून आला तेही कळेल. ताणूताईनं मनात म्हटलं, हे मला का सुचलं नाही. उघडपणे ती म्हणाली, "चिकटवणार कोण?"

"तुम्ही. माझे हात मोठे आहेत."

पुढच्या चाचणीच्या वेळी दोघं काचेअलीकडे शेजारी शेजारी बसले. आवाज माणसाला ऐकू येईल असा करून देणारं यंत्र होतं, पण हेडफोन एकच निघाला. दुसरा कुणीतरी गाणी ऐकायला नेला होता. मग एक बाजू त्याच्या कानाला, एक तिच्या. त्यासाठी डोकी जवळ आणावी लागली. मागे उभ्या असलेल्या मावशींनी घसा खाकरला आणि त्या उगाचच छताकडे बघू लागल्या.

करंट चढू लागला. आधी काहीच नाही. मग, खूप दूर कुणी बोटं मोडावीत तसं, कट्. थोड्या वेळानं पुन्हा कट्.

"ही तार नाही," ताणूताई कुजबुजली. "तार सरकली तर घासल्याचा आवाज येईल. हे काहीतरी मोडतंय."

कट्. कट्. आणि मग एकदम काऽड्! आणि हूऽऽश.

कबुतरं उडाली, पण या खेपेला आकड्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पडद्यावर आवाजाची जागा दिसत होती. कॉइलच्या टोकाला, रिळाच्या कडेपाशी, जिथे तारही नव्हती आणि ऊब शिरायची वाटही नव्हती. तिथे नुसती राळ होती. तारा जागच्या हलू नयेत म्हणून सगळ्या कॉइलमध्ये जी इपॉक्सी राळ ओतली होती, तिचा तिथे जाड गठ्ठा झाला होता. थंडीत राळ तारेतल्या तांब्यापेक्षा जास्त आकसते. ती आधीच आतून ताणलेली, वर करंटचा रेटा. धरवेल तोवर ती घट्ट धरून ठेवी आणि मग एकदम तडके. त्या तडकण्याची ऊब शेजारच्या तारेला पुरे होई.

"म्हणजे तुमची चूक नाही," ताणूताई म्हणाली.

"तुमचीही नाही."

मग दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की ती राळ कुणी निवडली होती.

संचालकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"सगळ्यांत मजबूत, सगळ्यांत टणक, म्हणून मी तीन कंपन्यांशी भांडून आणली होती ती," त्या म्हणाल्या. "म्हणजे इतके दिवस तुम्ही एकमेकांची डोकी फोडताय ती माझ्यामुळे?"

मग बाईंची खुर्ची हलायला लागली. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "चला, छत मी झाडते. पण आता राळेच्या जागी काय घालणार ते सांगा."

थंडोबानं चष्मा पुसला. "मेण," तो म्हणाला.

"मेण?" ताणूताई म्हणाली. "आपण मॅग्नेट करतोय की मेणबत्ती?"

"राळ शेवटपर्यंत धरते आणि एकदम तुटते. मेण हट्ट करत नाही. थोडं थोडं, आधीच सुटत जाईल. तुटतानाही फार ऊब देणार नाही."

"आणि तार कोण धरणार? मेण?"

"तार तुमचं वाइंडिंग धरेल," तो म्हणाला. "तेवढं ते चांगलं आहे. मी आतून बघितलंय."

यावर ताणूताईला उत्तर सुचलं नाही, ही गोष्ट मावशींनी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पोचवली.

तरी तिनं नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. तारेची छोटी छोटी कडी केली, काही राळेत घोळवली, काही मेणात, थंडीत बुडवली आणि दाबून बघितली. हेडफोन तिच्या कानावर होता. राळेच्या कड्यांनी आधी दम धरला आणि मग काड्कन तडकली. मेणाची कडी सुरुवातीपासून नुसती कुरकुरत राहिली, ओल्या वाळूवर कुणी चालावं तशी. तिनं हेडफोन काढला, सरळ थंडोबाच्या टेबलापाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. मेणच."

त्या रविवारी तिनं त्याला जेवायला बोलावलं. म्हणजे बोलावलं वडिलांनी. "ज्याच्याशी दिवसभर भांडतेस आणि रात्रभर ज्याच्याबद्दल बोलतेस, तो गडी आहे तरी कसा, बघू दे मला," असं त्यांचं म्हणणं.

बाबा शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. सत्तरी उलटली तरी रोज जिने चढून उतरायचे आणि शेजाऱ्यांनाही चढायला लावायचे. थंडोबा दारात आला तसं त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाठ सरळ!"

थंडोबा सरळ झाला. दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं.

"बाबा!" स्वयंपाकघरातून ताणूताई ओरडली.

"अगं, उंच आहे हे त्याला सांगायला नको का कुणी? माणूस उगाच लपून राहतो." मग त्याला, "बसा. लागलं का? बर्फ लावू?"

"बर्फाचं मला काही वाटत नाही," थंडोबा म्हणाला, आणि बाबा खूश झाले.

जेवण होईपर्यंत दोघांचं चांगलं जमलं. बाबांनी त्याला खांदे मोकळे करण्याचा एक व्यायाम शिकवला, त्यानं बाबांना हेलियमचा फुगा वर का जातो ते सांगितलं. ताणूताई स्वयंपाकघरात भांडी आवरत ऐकत होती. मग बाबांनी सहज विचारलं, "राहता कुठे?"

"सध्या स्टेशनमागे, दोन खोल्या आहेत. पुढच्या महिन्यात सोडतोय. दुसऱ्या शहरात मोठ्या प्रयोगशाळेत काम मिळालंय. इथलं हे आटोपलं की जाणार."

आत पातेल्याचं झाकण पडलं आणि फरशीवर बराच वेळ गोल फिरत राहिलं. कुणी ते उचलायला गेलं नाही.

सोमवारी नव्या कॉइलचं वाइंडिंग सुरू झालं. मेणाचा भरवसा धरायचा तर वेढे नेहमीपेक्षाही घट्ट हवेत, म्हणून ताणूताई स्वतः मशीनवर बसली होती. ताण वाढवायचा, पण किती, हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. या तारेच्या पोटात बारीक बारीक धागे असतात. फाजील ताणलं तर ते आत तुटतात आणि बाहेरून कळतही नाही. हे ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगायची.

दुपारी हॉलमध्ये टण्णकन आवाज झाला. तार तुटली होती.

सगळा वाइंडिंग हॉल स्तब्ध झाला. ताणूताईच्या हातून तार तुटताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मावशींनी मशीन बंद केलं, तुटकं टोक हातात घेतलं, त्याच्याकडे बघितलं, ताणूताईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तारेत दोष असेल."

"तारेत दोष नाही," ताणूताई म्हणाली. "पुन्हा सुरुवातीपासून लावू या. मी जरा हात धुऊन येते."

पण ती हात धुवायला गेली नाही. ती मेणाच्या खोलीत गेली. मागच्या अंगणाकडे उघडणारी छोटी खोली होती ती. खिडकीतून ऊन येत होतं, भट्टीवर मोठ्या स्टीलच्या भांड्यात मेण वितळत होतं आणि थंडोबा बाह्या वर करून लाकडी पट्टीनं ते ढवळत होता. कपाळावर मेणाचा एक ओघळ सुकला होता.

"तुम्ही चाललात, हे मला स्वयंपाकघरातून ऐकून कळायचं होतं का?"

त्यानं पट्टी थांबवली. "तुम्हाला सांगायचं होतं. रोज सांगायचं ठरवायचो."

"मग?"

"मग तुम्ही भांडायला सुरुवात करायचात, आणि माझा दिवस चांगला जायचा. मग वाटायचं, उद्या सांगू."

तिनं भट्टीची आच कमी केली. "जायलाच हवं का?"

"हवं असं नाही. काम चांगलं आहे. पण खरं सांगू? इथे मला कुणी थांब म्हणालंच नाही. आई गेल्यापासून मला कुणी कुठे थांब म्हणालेलं नाही. बोलावणं आलं, हो म्हणालो."

"मी म्हणतेय. थांबा."

"मॅग्नेटसाठी?"

"मॅग्नेटसाठी मी दुसरा कुणीही शोधेन," ताणूताई म्हणाली. "थंडी सांभाळणारी माणसं मिळतात. थांब ना रे!"

तो 'रे' तिच्या तोंडून गेला आणि दोघांनाही ऐकू आला. थंडोबाचा चेहरा हळूहळू, अगदी त्याच्या पद्धतीनं, उजळत गेला. त्यानं चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, रुमालाऐवजी मेणाचं फडकं हाती आलं आणि दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

"मला आता काही दिसत नाहीये," तो म्हणाला, "पण मी थांबतो."

"नुसतं थांबून चालणार नाही. लग्न करायचं आहे का माझ्याशी?"

"हो," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एवढं झटकन उत्तर दिलं होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि ती त्याचा चष्मा गरम पाण्यात बुडवून, पदरानं पुसून त्याच्या नाकावर बसवीपर्यंत ते हलतच होते.

दारात मावशी उभ्या होत्या. "मशीन तयार आहे," त्या म्हणाल्या, "पण घाई नाही. तुमचं चालू द्या."

नवी कॉइल गुंडाळताना आता ताणूताईचा हात इतका स्थिर होता, की मावशींनी तेही सगळ्या इमारतीत सांगितलं. वेढे पूर्ण झाले तसं मेण ओतलं, सगळीकडे मेणबत्त्यांच्या दुकानासारखा वास सुटला आणि पुढे आठवडाभर सगळ्यांच्या डब्यांना तोच वास येत राहिला. मग थंडोबानं कॉइल टाकीत उतरवली आणि थंड करायला घेतली. इतक्या सावकाश, की संचालकबाई येता-जाता विचारायच्या, "अजून?" आणि तो म्हणायचा, "मेणाला हिसका बसता कामा नये."

चाचणीच्या सकाळी बाबाही आले. येणार नाहीत असं होणारच नव्हतं. दारात सगळे आपापल्या किल्ल्या, पट्टे, नाणी काढून ठेवत होते, कारण चुंबक जागा झाला की लोखंड ओढून घेतो. बाबांच्या गळ्यात शिटी होती.

"आजोबा, शिटी काढा," दारावरचा माणूस म्हणाला.

"पितळेची आहे. पितळ ओढलं जात नाही. मी पीटी शिकवत होतो, पण शेजारच्या वर्गात विज्ञान चालायचं. कान होते मला."

करंट चढू लागला. ताणूताई आणि थंडोबा एकच हेडफोन घेऊन बसले होते, जरी आता दोन होते. आतून नुसती बारीक कुरकुर ऐकू येत होती. आकडा जुन्या जागी आला, जिथे दर वेळी गाडी अडायची. कुणीतरी डोळे मिटले. कुरकुर थोडी वाढली, मग कमी झाली. आकडा ती जागा ओलांडून गेला.

"गेला पुढे," थंडोबा म्हणाला.

"दिसतंय मला," ताणूताई म्हणाली.

पाऊण. पाऊणच्याही वर. संचालकबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. आतला आवाज आता जवळजवळ थांबला होता, जणू जे काही सुटायचं होतं ते सुटून झालं होतं आणि प्रत्येक वेढा आपल्या जागी निवांत बसला होता. टाकीच्या बाहेर दोऱ्याला टांगलेली टाचणी हळूहळू तिरपी झाली, मग आडवी झाली आणि तशीच हवेत टाकीकडे तोंड करून थांबली. आकडा हव्या असलेल्या ठिकाणी आला. पहिल्याच खेपेला. आणि तिथेच राहिला.

क्षणभर कुणालाच काय करावं ते कळलं नाही. उतू जाण्याची इतकी सवय झाली होती, की न उतू गेल्यावर कसं वागायचं ते कुणाला माहीतच नव्हतं. मग बाबांनी शिटी फुंकली. अशी फुंकली, की सगळी इमारत रांगेत उभी राहावी. तेव्हा कुठे सगळे भानावर आले. हॉलमधल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मावशी रडल्या आणि रडतारडता सगळ्यांना सांगत सुटल्या की मी रडत नाहीये, मेणाचा वास डोळ्यांना लागलाय. संचालकबाईंनी इस्पितळाला फोन लावला. पलीकडे मुलांच्या डॉक्टर होत्या. बाई एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, खोली तयार ठेवा." मग त्यांना पुढे बोलवेना, म्हणून त्यांनी फोन ताणूताईच्या हातात दिला, तिलाही बोलवेना, म्हणून तिनं थंडोबाला दिला. त्यानं डॉक्टरांना सगळं सावकाश, पहिल्यापासून समजावून सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, एका छोट्या मुलीचा गुडघा बरेच दिवस दुखतोय, तिला यंत्राची फार भीती वाटते, तिला सांगू का की तिचं यंत्र येतंय? थंडोबा म्हणाला, "सांगा. आणि तिला म्हणावं, आईला चिकटून बसायचं."

जेवायला सगळे बाहेर पडले. चालू मॅग्नेटपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि त्यावरून वाद झाला नाही. दोन स्टुलं, एक चहाचा थर्मास आणि दोन कप ठेवून बाकीचे निघून गेले. जिन्यात बाबांचा आवाज ऐकू येत होता; ते संचालकबाईंना गुडघ्याचा व्यायाम सांगत होते.

"राहायचं कुठे?" ताणूताईनं चहा ओतत विचारलं. "तुझ्या दोन खोल्यांत की आमच्याकडे?"

"माझ्या खोल्यांत उजेड चांगला आहे."

"आमच्याकडे बाबा आहेत."

"म्हणून तर तुमच्याकडेच यावंसं वाटतं," तो म्हणाला. "पण माझी पुस्तकं बरीच आहेत. जागा होईल का, ते बाबांना विचारायला हवं. त्यांना अडचण नको."

ताणूताईनं कप त्याच्या हातात दिला.

"परवा त्यांनी मधल्या खोलीतलं मोठं कपाट रिकामं केलं," ती म्हणाली. "मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, उंच माणसाला खालचे कप्पे वाकून बघावे लागतात, म्हणून वरचे तीन त्याचे, खालचे माझे."

थंडोबाचे खांदे हलायला लागले. चहा बशीत सांडला, बशीतून मांडीवर सांडला, आणि तरी त्याला थांबता येईना.